पंचवीस फुटी की अडतीस फुटी?

...दोन्ही बोटी चाळीस वर्षांच्या, दोन्ही फायबरच्या, दोन्ही शिडाच्या, दोन्ही जमिनीवर टेकू लावून उभ्या! एक पंचवीस फुटी, एक अडतीस फुटी, आणि मधे आमचा साडू वहीपेन्सिल घेऊन! मला म्हणतो, "साडूभाऊ, या तुम्ही, चार डोळे बरे." अहो, मला पोहता येत नाही, लिहिता येतं ते सहीपुरतं! यात माझा काही संबंध? काडीचा नाही!

तुम्हाला सांगतो, साडू घड्याळजी. चाळीस वर्षं टीचभर दुकानात, डोळ्याला भिंग आणि तोंड मिटलेलं. मिटावंच लागतं हो! बोलायला गेलं की फुंकर, फुंकर गेली की स्क्रू उडाला, मग दिवसभर जमिनीवर रांगत शोधा. तर हे सगळं न बोललेलं आत साठलं, आणि दुकान बंद केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जे सुटलंय... दात घासताना बोलतो! फेस उडतो, पण बोलतो!

त्यात डोक्यात काय घुसलं, तर घर विकायचं आणि बोटीवर राहायचं. त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, बिचारी तयार झाली, पण अट घातली. "कुठंही येते. फक्त दुपारचे दोन तास दाराआड बसणार, आणि तुमचा शब्द ऐकू आला नाही पाहिजे. तसं दार असेल तर मी बोटीवर, नाहीतर मी लेकीकडे, तुम्ही बोला माशांशी!" मस्करी नव्हती हं. बॅग भरून सोबतच घेऊन आलेली!

आधी लहानीत शिरलो. मी उभा राहिलो, खण्णकन टाळकं आपटलं! आत एकच बाक. तोच पलंग, तोच सोफा, फळी टाकली की तेच टेबल. मी म्हटलं, संडास कुठाय? तर साडू म्हणतो, "उशी उचला." उशी उचलली, खाली संडास! पण बोट गुणी हो. कुठं चीर नाही, एकट्यानं शीड चढतं. दार? दार नाही. पडदा!

मग मोठी. आत ताठ उभं राहता येतं, शेगडी तीन बर्नरची, पुढं वेगळी केबिन, तिला लाकडी दार. पण वर डेकवर पाय ठेवला की पाव दाबल्यासारखं मऊ! आणि शीड चढवायला दोघं दोरीला, तिसरा शिव्या द्यायला.

मेहुणी एकदा त्या पडद्याकडं बघते, एकदा या दाराकडं. साडू म्हणाला, "थांब, तपासून सांगतो." तिथला मिस्त्री म्हणाला, "काका, बूड हातोडीनं ठोका. टण् वाजलं तर ठणठणीत, भद्द वाजलं तर आत पाणी शिरलंय." तर या माणसानं खिशातून घड्याळाची हातोडी काढली. आगपेटीच्या काडीएवढी! टिक. लहानीला टिक. मोठीला टिक. सगळीकडं टिक! मिस्त्री म्हणाला, "काका, डास मारताय का?"

आता मला राहवेल? यात माझा संबंध काडीचा नाही, पण हात शिवशिवतात ना! गपचूप मोठीत चढलो, पुढच्या केबिनीत शिरलो, दार ओढून घेतलं, चप्पल काढली. बाहेरून टिक... आतून मी धाड्! टिक टिक... धाड् धाड्!

"अगंऽऽ, बोट उत्तर देतेय! टिकला धाड!" आणि साडू वहीत लिहितोय!

मी पोट धरून हसलो, आणि दार उघडायला गेलो. उघडेना! ओढलं, ढकललं, लाथ मारली. ढिम्म! मग ओरडलो, "अहो, मी आहे आत! उघडाऽऽ!" दाराला कान चिकटवला तर पलीकडं मेहुणी.

"अगंबाई, कुणीतरी उं उं करतंय."

"मी गं मी! दाजी!"

"हो हो, उं उं-च करतंय कुणीतरी..." मग एकदम हरखून, "अहो, इकडं या! हीच घ्या! आत माणूस बोंबलतोय आणि एक अक्षर कळत नाही!"

साडू म्हणाला, "अगं, ते साडूभाऊ असतील! मिस्त्री, पहार आणा!" तर ही दारापुढं आडवी! "दाराला हात लावलात तर बघा! बसू दे त्यांना, श्वास तर घेतायत." मिस्त्री म्हणतो, "टेकू वाकडे बसलेत, बोट पिळली गेलीय, म्हणून दार अडकलंय. पाण्यात सोडली की सरळ होईल."

मग काय! तिथंच सह्या, तिथंच क्रेन! बोट हवेत, मी बोटीत, गोल काचेतून बघतोय तर खाली लहानी, काडेपेटीएवढी. कशाला चढलो? काय संबंध माझा?

पाण्यात टेकली मात्र, कुंईऽऽ करून दार उघडलं. आपोआप! मेहुणीनं लावलं. परत उघडलं. पुन्हा लावलं... पुन्हा उघडलं! कडी एकीकडं, भोक दोन बोटं खाली. साडू म्हणाला, "थांब, लाकडाचं काय असतं..." आणि तिनं बॅग उचलली.

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी साडू पहिल्यांदा गप्प झाला. घर विकलेलं, बोट घेतलेली, बायको निघालेली... आणि ही बोट तिच्या गळ्यात मारली कुणी? आतून बोंबलणाऱ्यानं! मला काही बघवेना. आत गेलो आणि दाराला खांदा लावला. घट्ट बसलं!

मेहुणी दाराच्या माझ्याच बाजूला, केबिनीतच होती. कानोसा घेतला, पलीकडं साडूचं पुन्हा सुरू, पण शब्द एकही ऐकू येईना, तशी बॅग खाली ठेवली. म्हणाली, "दाजी, तस्सेच राहा. आणि तोंडातून एक शब्द नको."

तेव्हापासून रोज तीन ते पाच. ती पुस्तक वाचते, मी दाराला खांदा लावून. तिला खरंच काही ऐकू येत नाही हो... पण खांदा लावला की कान लागतोच ना! काल पलीकडं साडूचं, लंबक कसा बनवतात ते चाललं होतं. आज उरलेला अर्धा लंबक. उद्या म्हणे, काटे घेणारेय!