कुणाचंच अडलं नाही

(पाण्याचे पंप बनवणारा कारखाना. मालकीणबाई चार दिवसांनी दवाखान्यातून थेट आपल्या केबिनमध्ये आल्या आहेत. समोर म्हातारे फोरमन.)

मालकीण : खरं सांगा काका, काय काय बिघडलं?

फोरमन : तिसऱ्यांदा विचारताय ताई. काही नाही.

मालकीण : दोनशे पंपांची ऑर्डर?

फोरमन : सोमवारीच गेली.

मालकीण : मी न तपासता?

फोरमन : मी तपासले. एक गळत होता, तो ठेवून घेतला.

मालकीण : मोठी लेथ बंद पडली होती म्हणे. आत्ता गेटवर कळलं.

फोरमन : दीड तास. पट्टा तुटला, बदलला. तुम्ही आधी बसा बघू. डॉक्टर काय म्हणाले?

मालकीण : हृदय ठणठणीत आहे. ताणानं छातीत दुखतंय. कामं वाटून द्या म्हणाले.

फोरमन : मग झालंच की. चार दिवस वाटूनच केली आम्ही.

मालकीण : तेच तर. मला साधा फोनसुद्धा केला नाहीत कुणी.

फोरमन : रागावलात?

मालकीण : नाही... हो. पलंगावर पडल्या पडल्या वाट बघत होते. कुणाचं तरी काही अडेल, फोन वाजेल. दुखणं परवडलं, पण ती शांतता नको.

फोरमन : बाकीचे मालक काम अडलं की आजारी पडतात हो.

मालकीण : हसू नका. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची. काकूकडे राहायला गेले. पहाटे उठून सगळ्यांचं पाणी भरायचे, डबे भरायचे. कुणी सांगितलं नव्हतं. वाटायचं, आपण कामाच्या नसलो तर हे लोक परत पाठवतील.

फोरमन : परत कुठे?

मालकीण : तेच ना. घर कुठे उरलं होतं? अजूनही तसंच वाटतं. तुमचं माझ्यावाचून चालायला लागलं तर... पन्नास माणसांची मालकीण मी, आणि बघा.

फोरमन : आणि मला वीस वर्षं वाटतंय, बाईंचा आपल्यावर भरवसा नाही.

मालकीण : अगंबाई. बोलला नाहीत ते कधी?

फोरमन : बोलायला तुम्ही बसायचात कुठे?

मालकीण : ...चुकलंच माझं.

फोरमन : उद्यापासून पंप मी तपासणार. तुम्ही अकराला या.

मालकीण : दहाला.

फोरमन : साडेदहा. आणि आता पॅकिंगमध्ये जरा डोकावून या. तिथल्या बायका रोज विचारत होत्या, बाई कशा आहेत, कधी येणार.

मालकीण : का? काय अडलं होतं त्यांचं?

फोरमन : काही नाही. नुसत्याच विचारत होत्या.