मोडलेल्या किल्ल्यांचा डबा

परत मीच सांगायचं होय? घसा बसलाय माझा, पण तुम्ही काही उठायचे नाही, तर ऐका, आणि मध्ये दात काढू नका. तुम्हाला सांगतो, एकेचाळीस वर्षं चौकातल्या टपरीत किल्ल्या घासतोय. बिघडलेली किल्ली गिऱ्हाइकासमोर मोडायची आणि डब्यात टाकायची, ही आमची रीत, का तर त्याला दिसावं की आपली किल्ली मागे राहिली नाही... आणि त्याच डब्यानं मला गोत्यात आणलं.

झालं काय, टीव्हीवर मालिका आली. त्यात एक म्हातारा किल्लीवाला, चोरून जास्तीची किल्ली करतो आणि भरदुपारी लोकांच्या घरात शिरतो. शिरू दे मेल्याला, गोष्ट आहे ती. नुसती गोष्ट. पण ती टीव्हीत गप बसेल तर ना? मोबाइलवर त्याची डायरी यायला लागली, रोज एक पान. मग खेळ आला, आपल्या गल्लीतला किल्लीवाला शोधा, फोटो टाका, गुण मिळवा. चांगले टक्कल पडलेले बाप्ये माझ्यासमोर फोन रोखून, "काका, जरा रागानं बघा ना." रागानंच बघत होतो, दुसरं काय करणार? डब्याचा फोटो काढला नि खाली लिहिलं, चोरीच्या किल्ल्या. अरे बैलांनो, अर्ध्या किल्लीनं कुणाचं दार उघडतं?

मग आली निवडणूक. उभा कोण, तर त्याच मालिकेत इन्स्पेक्टर झालेला नट, वर्दी चढवूनच प्रचाराला. रस्ता नाही, पाणी नाही, नुसतं डोळे बारीक करून विचारायचा, "ताई, तुमच्या दाराची किल्ली नक्की कुणाकडे आहे?" आणि म्हणे, निवडून आलो की पहिली ही टपरी उचलतो. टाळ्या.

परक्यांचं सोडा. आक्का, माझी सख्खी थोरली बहीण, भिंतीला भिंत लागून घर, तिनं कुलूप बदललं. "तू चांगलाच आहेस रे, पण डायरीत तोसुद्धा बहिणीकडेच जेवायला जातो." म्हटलं, "आक्का, गोष्ट आहे ती. नुसती गोष्ट." तर म्हणते, "मग खरा इन्स्पेक्टर कशाला आला असता?" आता या बाईला काय सांगायचं?

आणि नेमका इन्स्पेक्टर गल्लीत असताना हिनं दूध गॅसवर ठेवलं, त्याला बघायला बाहेर आली, दार मागे लागलं, किल्ली आत. खिडकीतून धूर. लोक म्हणाले, "साहेब, मारा लाथ." मारली. मालिकेत दार पडतं, इथं साहेब पडले, अंगठा धरून. मग आक्का पळत माझ्याकडे. दोन तारा घातल्या, अर्ध्या मिनिटात दार उघडलं, गॅस बंद केला. पातेलं गेलं, घर वाचलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर मी. खाली काय लिहिलेलं? "बघा, अर्ध्या मिनिटात!"

तो लंगडत निवडून आला. टपरी गेली, डबा पुरावा म्हणून नेला. आता घरातच बसून कानस चालवतो, येतंय कोण? त्या नटाचं सोडा, लिहून दिलेलं बोलणारा माणूस तो. पण जिचं घर वाचवलं तिनं? काल भिंतीपलीकडून म्हणते, "पुढच्या भागात किल्लीवाला निर्दोष निघणार आहे म्हणे, तेवढं बघते, मग मागते माफी."

थांबलोय. दुसरं काय करतो? बाकी सगळ्यांना केव्हाच माफ केलं, राहिलीय ती एकटी... आमची आक्का.