पाळण्याचा भुसा

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेबाहेर मांडीवर बाटली घेऊन बसलेल्या आजींच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या सुतार नवराबायकोचं बोलणं पडत होतं.

"विहिरीच्या पाण्यातलं शिसं या वेळी तरी निघालं असेल ना हो?"

"निघायला हवं. भुशातून पाणी गाळलं की शिसं भुशाला चिकटतं, असं इथल्या मॅडम म्हणाल्यात."

"मागच्या वेळी नाही चिकटलं ते!"

"तेव्हा दुकानातला भुसा झाडून आणला होता. त्यात जुन्या दारांचा खरवडलेला रंग होता आणि रंगातच शिसं."

"जन्मभर घरभर भुसा सांडलात आणि हवा तेव्हा नेमका तसला दिलात!"

"या वेळचा कोऱ्या लाकडाचा आहे. तूच तर उकळून धुतलास."

"पण कोरं लाकूड कुठलं? हातात काम तर एकही नाही."

"होतं एक. पाळण्याचं."

"अहो, पाणी चांगलं झाल्याशिवाय तान्ह्याला आणणार नाही म्हणाली ना लेक?"

"म्हणून तर भुसा हवा होता."

खिडकीतून मॅडमची हाक आली, "सुतारकाका, शिसं मर्यादेच्या आत आलं. पाणी खुशाल प्या!"

"ऐकलंत? लावा लेकीला फोन."

"तूच लाव. मला आकडे दिसत नाहीयेत."

"भुसा गेला असेल डोळ्यांत. आणा तो फोन इकडे."