शिडीनं उतरलेली मुलगी

"हॅलो?… हॅलो, कोण?… ब्रिन? अगं, बोल ना. ऐकतेय मी."

डॉ. कोरीन हॅल्वर्सन नुकतीच चर्चमधून आली होती. बुटांवरचा बर्फही अजून झटकला नव्हता. नवरा, वेंडेल, ओव्हनमध्ये हॉटडिशचं, रविवारच्या जेवणाचं, भांडं सरकवत होता. कोरीननं मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि ती कोटाची बटणं सोडू लागली.

"हो, हो, रविवार आहे, पण त्यानं काय होतंय… काय कळलं?… कुणाकडून?"

तिचा हात बटणावरच थांबला.

"ऐक ना, ब्रिन. आधी माझं… बरं. बरं, तू बोल. मी मध्ये बोलत नाही."

ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर कोटासकट बसली आणि नुसतं ऐकत राहिली.

पंधरा वर्षं लोकांच्या मनाचे आजार बरे करण्यात घालवल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कोरीन पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. खेळाडूंची मानसोपचारतज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र हवं, तर आधी एक अभ्यासक्रम, त्याची परीक्षा, मग दुसरा. कुठलं औषध खेळाडूला चालतं, कुठल्यानं हात थरथरतो, कुठलं घेतलं तर स्पर्धेतून बाहेर काढतात, हे सगळं पाठ करायचं. खेळाडू आपण होऊन दवाखान्यात येत नाहीत, म्हणून त्यांच्या सरावाला जाऊन उभं राहायचं. तिनं विद्यापीठाचा, उंचावरून पाण्यात उड्या मारण्याचा तलाव निवडला आणि सबंध हिवाळाभर पहाटे साडेपाचला त्या ओल्या काठावर उभी राहिली. शेवटची पायरी म्हणजे आपल्या एका रुग्णाची हकीगत बारा जाणकार डॉक्टरांपुढे मांडायची, ओळख पुसून. ओळख पुसली की पुरे, रुग्णाला विचारायला नको, असं कोरीन धरून चालली होती. तिनं त्या तलावावरच्या उडीपटू ब्रिन टोलेफ्सनची हकीगत मांडली होती.

"नाही, नाव नव्हतं घेतलं. वय बदललं होतं, राज्य बदललं होतं, तुला भाऊ आहे त्याची बहीण केली होती… हो. हो, तेवढं मात्र ठेवलं होतं."

तेवढं म्हणजे शिडी. दहा मीटरच्या मंचावर गेलेला उडीपटू शिडीनं खाली येत नाही. भ्याला तर वेडीवाकडी उडी मारेल, पोटावर आपटेल, शून्य गुण घेईल, पण येईल तो पाण्यातूनच. गेल्या फेब्रुवारीत अंतिम फेरीत ब्रिन वर गेली, कडेशी उभी राहिली, आणि वळून एकेक पायरी करत शिडीनं उतरली. त्या एवढ्याशा जगात तसं उतरलेली ती एकटीच. तिथे नाव झाकून उपयोग काय होता? बारा डॉक्टरांतला एक दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाचा निघाला. त्यानं आपल्या कोचच्या कानावर घातलं, आणि त्या कोचनं ब्रिनच्या कोचच्या, रस्कच्या.

"आणि रस्क काय म्हणाले?… संघातून काढलं?… कधी?… काल. कारण सांगितलं का काही?… हं. म्हणजे सगळंच पोचलंय त्यांच्यापर्यंत."

सगळं म्हणजे बंद खोलीत, तीन महिने गप्प बसल्यानंतर ब्रिननं कोरीनला सांगितलेलं. तिला उडीची भीती वाटली नव्हती. वर उभी असताना तिला जगायचंच नव्हतं. आपल्या मनात हे आलंय हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली, म्हणून ती वळली आणि तिनं शिडी धरली. आईलाही ठाऊक नव्हतं हे.

"चूक माझी आहे, ब्रिन… नाही. त्याला पण-बिण काही नाही. तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही… हो, आलं ना प्रमाणपत्र. पंधरा दिवस झाले… गुण? तिथे गुण नसतात गं… म्हणाले, मांडणी चांगली होती… हस. हसण्यासारखंच आहे ते."

ते हसणं कोरीनच्या कानात दोनदा वाजलं. एकदा तोंडातून आलेलं आणि एकदा कुठूनतरी परत आलेलं. मागे हलकीशी सळसळ होती, पाण्यावर पाणी पडल्यासारखी. वरून पाणी दिसावं म्हणून त्याच्यावर फवारा सोडून ठेवतात, तो. सबंध हिवाळाभर ऐकलेला.

"तू कुठे आहेस आत्ता?… खोलीत नाहीस. खोलीत आवाज असा घुमत नाही."

तिनं चर्चमधून आणलेलं रविवारचं पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलं: तलाव. वर आहे. विद्यापीठाच्या पहारेकऱ्यांना सांग. गाडीचा भोंगा नको. वेंडेलनं वाचलं. ओव्हनचं दार तसंच उघडं टाकून, आपला फोन घेऊन तो मागच्या अंगणात गेला.

"बसलीयस की उभी आहेस?… मग बस. मागच्या कठड्याला पाठ लावून बस… थंड लागणारच. अंगात काय आहे?… नुसता पोहण्याचा पोशाख? बरं. बरं, टॉवेल ओढून घे."

पुढे काय बोलावं याचे धडे तिनं घेतले होते, दिलेही होते. ते तिनं बाजूला ठेवले. बाहेर अंगणात वेंडेल पाठ करून बोलत होता, त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"एक सांगू?… नको तर नको. पण मी सांगणार… मी त्या डॉक्टरांपुढच्या हकीगतीत चुकीचं लिहिलं. तू शिडीनं उतरलीस ते मी आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं. बाराच्या बारा जणांनी माना डोलावल्या, एकालाही कळलं नाही. अगं, तुझ्यातलं शाबूत होतं ते तेवढंच. आजारी होतीस ती कडेशी उभी होतीस तेव्हा. उतरलीस ती तू होतीस… नाही, समजूत घालत नाहीये… हो, उशिरा कळलं. फार उशिरा… काय?"

ब्रिननं काय विचारलं, ते कोरीनला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. तरी तिनं पुन्हा विचारलं, तेवढाच एक श्वास घ्यायला. खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी ते शहाणपणाचंही ठरलं असतं.

"हो. सांगितलंय. आत्ताच, वेंडेलला लिहून दिलं… हो, परत. तुला न विचारता, परत… नाही, माफी नाही मागत मी याची."

पलीकडे फक्त फवारा सळसळत होता. कोरीन हळूहळू म्हणत राहिली, "आहेस ना… आहेस ना गं", कुणी जप करावा तसं. किती वेळ गेला, तिला सांगता आलं नसतं. मग खूप लांबून एक जड दार वाजलं.

"कोण आलंय?… ओपल? पहाटे तुम्हाला दार उघडून देते ती?… एकटीच आहे?… बरं. तिच्याशी नको बोलूस, माझ्याशीही नको. फोन टॉवेलात गुंडाळ, गळ्याशी बांध. दोन्ही हात शिडीला. तोंड शिडीकडे. मी इथेच आहे, ऐकतेय."

पोलादावर ओल्या तळव्यांचे आवाज येऊ लागले. मध्येच एका पायरीवर थांबले. कोरीननं टेबलाची कड धरली. वेंडेल आत येऊन दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन. आवाज पुन्हा सुरू झाले. मग ते पोलादावरचे राहिले नाहीत, फरशीवरचे झाले.

"ब्रिन?… हो, आहे… काय म्हणालीस?… हे लिहिणार का?"

तिनं डोळे मिटले.

"लिहावं लागेल. तुझ्या कागदात. पुढचे जे कोणी डॉक्टर तुला सांभाळतील, त्यांच्यासाठी. बाहेर कुठे नाही. आणि ते प्रमाणपत्र मी त्यांना परत पाठवतेय, का ते लिहून. तुझी ओळख त्यात… ब्रिन?… हॅलो?"

थोडी धडपड झाली. फोन दुसऱ्या हातात गेला होता.

"हो, मीच डॉक्टर… खाली आहे ना ती? नक्की?… देवा. बरं… रुग्णवाहिकाही बोलावलीय, येईलच. तोवर एकटं सोडू नका, अगदी कपडे बदलायलाही नाही… हो, तुमचा कोट घाला तिला… काय म्हणतेय?"

कोरीन ऐकत होती. मागे ब्रिन काहीतरी बोलत होती, शांतपणे, एकेक शब्द तोडून.

"नाही, बरोबर आहे तिचं. माझ्याशी नसेल बोलायचं तर जबरदस्ती नको… दुसऱ्या डॉक्टरांना मी कळवते… तिला सांगा…"

ती थांबली. ओव्हनच्या उघड्या दारातून सगळी ऊब बाहेर येत होती.

"नाही, ओपल. काहीच सांगू नका. नुसतं जवळ बसा तिच्या."

तिनं फोन ठेवला.