टीव्हीवरची हळद

मला परत कुणी हार्ड ड्राइव्ह मागू नका. ती रिमोटवाली, टीव्हीला जोडायची. आपल्या ऑफिसातल्या उलव्याच्या नीलेशचं लग्न झालं ना, त्याच्या हळदीचं शूटिंग मी तिच्यात भरलं आणि त्याच्या घरी नेऊन टीव्हीला लावलं. सगळं घर समोर बसलेलं.

सुरू झाल्याबरोबर त्याची काकी ओरडली, “ती बग मी!” मग मामा नाचताना दिसले, आत्या दिसली, बेंजो वाजवणारेही ओळखीचेच. सगळे खूश. तासभर हेच चाललं. नवरदेव मधूनच दिसायचा, तोही हळदीने पार माखलेला.

नीलेश माझ्या कानात म्हणाला, “मी एवढा नाचलेलो?”

मी म्हटलं, “नाचला असशील.”

तेवढ्यात नवी सून सासूला हळूच म्हणाली, “आई, पण यांना मिशी कुठं हाय?”

सगळ्यांनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग नीलेशकडे. पिवळी का होईना, टीव्हीवर मिशी होती, आणि नीलेश सफाचट!

काकी म्हणाली, “आगं बाय, ही तर आपल्या जितूची हलद! आमी सगळी गेलेलो ना तिकडं!”

जितू म्हणजे नीलेशचा चुलतभाऊ. लग्न त्याच आठवड्यातलं, शूटिंगवालाही तोच. नीलेशने लगेच फोन लावला. “जितू, तुझी हलद आमच्याकडं आलीय.”

जितूने आधी त्यांच्या टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, “मंग आमी सकालपासून कुनाची बगतोय? आई बोलली, तुझी मिशी हलदीखाली गेली असंल!”