न संपणारं पारायण

मंडळी, ऐका! आज प्रश्न जरा नाजूक आहे. देवघरात बसायचं, देवाच्या समोर बसायचं, आणि देवाच्याच नावावर घरच्यांशी खोटं बोलायचं — पाप लागतं की नाही?

बघा! लगेच माना हलल्या. लागतं म्हणता? इतक्या चटकन निकाल देणाऱ्या माणसांचा मला संशय येतो हो! आणि त्या खांबाला टेकलेल्या मावशी — मी कीर्तनाला उभा राहिल्यापासून डोळे मिटून बसल्यात. चिंतन आहे का झोप? चेहऱ्यावर भाव तर समाधीचे आहेत! असू दे, मावशी. माझं लक्ष आहे तुमच्यावर.

तर एक होती हेमलता. तालुक्याच्या गावात राहायची, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. गावाचं नाव? नाही सांगणार! सांगितलं तर उद्या तुमच्यातलेच चार जण चौकशीला जातील. ओळखतो मी तुम्हाला!

घरात नवरा, भास्कर. स्वभावानं बरा, पण मोजासुद्धा बायकोनं शोधून द्यावा लागायचा. आणि सासू, चंद्राक्का. कमरेला कपाटाच्या किल्ल्या, हातात जपमाळ, आणि नजर? दुधावरची साय मांजरानं खाल्ली का माणसानं, हे लांबून सांगणार!

हेमलताचा दिवस कसा? डबे करायचे, शाळा गाठायची. घरी आल्यावर एकीकडं कुकरच्या शिट्ट्या, दुसरीकडं निबंध तपासणं. 'माझा आवडता ऋतू' लिहिणाऱ्या पोरीच्या कागदावर लाल शेरा आणि शेजारी हळदीचा अंगठा! उद्याचा धडा मेथी निवडता निवडता मनात बसवायचा. हे सगळं तिनं जमवलं होतं. पण एक दिवस नववीच्या मुली म्हणाल्या, "बाई, संमेलनात दरवर्षी पुस्तकातलंच नाटक का? आपलं स्वतःचं का नाही?"

आणि ही बोलून गेली — "मी लिहिते की!"

झालं! पोरी एवढ्या खूश, की त्यांनी भूमिका वाटून टाकल्या. एक राणी झाली, एक दिवाण झाली, एकीनं मिशासुद्धा आणल्या. सगळं तयार, फक्त नाटक नव्हतं! आणि मोठ्या बाईंनी बजावलं, "दिवाळीनंतर नाटक हातात आलं नाही, तर नववीचा कार्यक्रम रद्द. त्या वेळात पाहुण्यांचं भाषण वाढवू." मंडळी, यापेक्षा मोठी धमकी असते का?

मग हेमलता लिहायला बसली. टेबलाशी बसली — "हेमा, चहा!" गच्चीत गेली — "हेमा, सिलिंडर आलाय!" न्हाणीघरात कागद नेऊन पाहिला — "हेमा, अजून किती वेळ?" दिवाण तलवार उपसायला जातो आणि खालून भास्कर विचारतो, "माझा पांढरा शर्ट कुठाय?" तलवार तिथंच राहते!

अशात एक दिवस शेजारी वाटी परत द्यायला गेली. शेजारीण पोथीला बसलेली. तेवढ्यात तिला फोन आला. तिचा नवरा हळूच म्हणाला, "पारायण चालू आहे, मधे उठवत नाहीत." आणि तो माणूस स्वतः उठला, स्वतःच्या हातानं चहा केला आणि स्वतः प्यायला! मंडळी, चमत्कार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी हेमलतानं घरात जाहीर केलं, "मी पारायणाला बसते आहे. रोज पहाटे. दार लावून."

कोण नाही म्हणणार? भास्कर म्हणाला, "वा!" चंद्राक्का काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं. आणि मंडळी, सासू बोलत नाही तेव्हा सुनेनं सावध व्हावं! पण ही नाटकाच्या नादात.

देवघराचं दार लागलं. चौरंगावर पोथी, पोथीशेजारी कोरे कागद. समई लागली आणि दिवाणानं एकदाची तलवार उपसली! रोज पहाटे लिहायचं, उठून डबे करायचे, शाळेत पोरींना लिहिलेला प्रवेश द्यायचा. तालमी सुरू झाल्या. वर्गात शिकवायलासुद्धा हुरूप आला. एका तासानं बाईचा अख्खा दिवस सुधारला हो!

इकडं चंद्राक्कांचा मात्र संशय वाढत चालला. पहिली गोष्ट, घंटेचा आवाज नाही. दुसरी, पोथीतलं खुणेचं मोरपीस रोज त्याच पानात! आणि सगळ्यात मोठी — पारायणाचा सप्ताह किती दिवसांचा? सात दिवसांचा! हिचं दसऱ्याला सुरू झालं, दिवाळी होऊन गेली, तरी समाप्ती नाही. समाप्ती नाही म्हणजे पुरणपोळी नाही! म्हातारी कितीही भाविक असो, पुरणपोळी चुकली की तिच्या लक्षात येतंच.

एका पहाटे चंद्राक्कांनी दाराला कान लावला. आतून आवाज आला — पुरुषी, घोगरा!

"किल्ली म्हातारीच्या कमरेला आहे. ती झोपली, की काम उरकून टाका!"

अगं बाई! चंद्राक्कांचा हात कमरेवर. आत लिहिणारी दिवाणाचं भाषण म्हणून बघतेय, हे बाहेर कोणाला कळणार? त्या दिवसापासून म्हातारीची झोप उडाली. जेवायला बसल्या की आमटीची वाटी आधी भास्करपुढं सारायच्या, "तू खा आधी." पोरगा बिचारा म्हणतो, आईची माया किती! मायेचं नव्हतं ते, मंडळी!

शेवटी त्यांनी भास्करला दारापाशी उभं केलं. त्यानंही ऐकला तोच घोगरा आवाज. त्याचा चेहरा पडला. त्याला कपाटाची काळजी नव्हती, वेगळीच होती. देवघरात मोबाइल नेते का ही? पलीकडं कोण बोलतो? तो कडीवर हात नेणार, तेवढ्यात थबकला. म्हणाला, "आई, पोथी खरी असली तर? मधे उठवलं तर पाप लागेल!"

आली का पंचाईत? संशय आहे, पण दार ठोठावायची सोय नाही! दोघं मायलेकरं बाहेर उभी, आणि आत दिवाण खो खो हसतोय.

पण सासू ती सासूच! तिनं शास्त्रातलीच पळवाट काढली. पाट घेतला, दाराशी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "सूनबाई, दार उघड गं. मी पोथी ऐकायला बसते. ऐकणारा असला की वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य लागतं!"

सांगा, नाही कसं म्हणणार? शेवटचाच प्रवेश राहिला होता. तास गेला तर नाटक गेलं, आणि पोरींना काय सांगायचं? कागद पोथीखाली ढकलले, दार उघडलं. चंद्राक्का आत आल्या, दार परत लावून घेतलं, पाटावर बसल्या. हेमलतानं पोथी उघडली.

"ही नको," चंद्राक्का म्हणाल्या. "ती वाच. किल्लीची."

हेमलताला रडूच कोसळलं. "आई, चुकलं माझं. शाळेचं नाटक आहे हो. घरात बसू देत नाही कोणी, म्हणून देवाला मधे घातलं."

चंद्राक्कांनी कमरेवरचा हात काढला. पहिल्यांदा श्वास सोडला! मग म्हणाल्या, "वाच म्हणते ना."

तिनं वाचलं. रडत रडत सुरुवात केली, पण दिवाण आला आणि आवाज चढला. म्हातारी राणी झोपते, दिवाण किल्ली काढून घेतो... इथं चंद्राक्कांनी हात वर केला.

"थांब. एवढी भोळी लिहू नकोस म्हातारीला. कमरेला किल्ली दिसते ना सगळ्यांना? मग ती खोटीच असणार! खरी तिनं कधीच दुसरीकडं ठेवली असणार."

हेमलतानं पेन उचललं. शेवटचा प्रवेश कित्येक दिवस अडला होता, तो तिथं सुटला!

"आई, तुम्हाला संशय आला कसा?"

चंद्राक्का माळ चाचपत म्हणाल्या, "चोराच्या वाटा चोराला माहीत, पोरी. तुझ्या सासऱ्यांच्या राज्यात मला दुपारी पाठ टेकायला मिळत नव्हती. जपाला बसले की कोणी हाक मारायचं नाही. माळ हातात आणि डोळे मिटलेले. काय जप केला असेल मी? झोपायचे गं! बसल्या बसल्या झोपायचे."

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेरून भास्करचा आवाज — "आई! काय चाललंय आत?"

चंद्राक्का कडाडल्या, "पोथी चाललीय! मधे बोलू नको. आणि चहा ठेव — दोघींचा!"

संमेलन झालं. राणीनं खोटी किल्ली दिवाणाच्या तोंडावर फेकली तेव्हा मांडव दणाणला. पहिल्या रांगेत चंद्राक्का होत्या. आणि घरी त्या दिवशी पारायणाची समाप्ती — पुरणपोळी!

आता बोला. पाप कोणाला लागलं? देवाचं म्हणाल तर देव खूश असणार! तीच पोथी ऐकून ऐकून त्याला पाठ झालेली. पुढं काय होणार हे माहीत नसलेली गोष्ट त्याला पहिल्यांदाच मिळाली! सून खोटं बोलली, हे खरं. सासूही बोलली. पण त्या घरात एका बाईला लिहायला आणि एकीला पाठ टेकायला देवाच्या आड लपावं लागलं. हा हिशेब देव कोणाकडं मागेल, ते पुरुष मंडळींनी सांगावं. का हो, आता माना हलत नाहीत त्या?

घरी जा. कोणाचा उपास चालू असेल, कोणाचं मौन असेल. खरं का खोटं, ते तपासू नका. नुसतं विचारा, "तुला जरा वेळ हवाय का?" आणि दिलात, तर त्यात चहा मागू नका.

बरं, आता आरती. टाळकरी, जरा हळू वाजवा. नाही, माझं काही दुखत नाही. त्या खांबापाशी बघा. मावशींच्या चिंतनाचा मगाशी मला संशय होता, तो आता फिटला. गाढ झोपल्यात. कोणी हलवू नका त्यांना. प्रसाद शेजारी ठेवा, आणि आपण सावकाश उठू या.