पिटमधला पाचवा माणूस

आमच्या संदेशच्या रेसची गंमत ऐका. अंबरनाथच्या गॅरेजात आम्ही मित्रांनी जुनी गाडी तयार करून सहा तासांच्या हौशी रेसमध्ये उतरवली. संदेश ड्रायव्हर, आम्ही चौघं मेकॅनिक. नियम कडक होता: टायर-पेट्रोलसाठी गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर आली की ड्रायव्हर सोडून रेषेच्या आत चारच माणसं. पाचवा दिसला की दोन मिनिटं दंड.

आम्ही तिसरे होतो. संदेश टायर बदलायला आत आला. चौघांनी चार चाकं धरली. तेवढ्यात त्याचे वडील, बुवापाड्याचे रिटायर्ड फिटर, पाण्याची बाटली घेऊन थेट खिडकीशी!

"काका, बाहेर व्हा!" मी ओरडलो.

नियम पाळले जातायत का बघणारा मार्शल धावत आला. "हे पाचवे कोण? टीममधले आहेत का?"

"टीममधला कसला? बाप आहे मी त्याचा," काका म्हणाले. "तोंड बघा पोराचं, कसं सुकलंय."

मार्शल हसला, पण दंड लावलाच. गाडी जागीच उभी. मी काकांवर इतका चिडलो होतो की त्यांच्याकडे बघेना.

रेषेबाहेर जाऊन काका वाकले आणि म्हणाले, "अरे, मागच्या डाव्या चाकाचे नट सैल दिसतायत."

हात लावला, तर नट बोटांनी फिरत होते. पाना घेऊन गुपचूप आवळले. ते चाक मीच बसवलं होतं.